चुलीवर टांगलेले कागद

"मावशी, हात कोरडे आहेत का?"

रोज सकाळी तिचा हा पहिला प्रश्न. मी तांदूळ धुवत असायची. पदराला हात पुसून दाखवले की ती तोंडात धरलेला चिमटा काढायची, कपडे वाळत घालताना लावतो तो, आणि तारेवरचा एक कागद काढून माझ्या हातात द्यायची.

"धरा. आणि मी अडकले की नुसतं हूं म्हणा. सांगू नका."

सांगणार काय, कपाळ? माझी शाळा तिसरीत सुटली. आवय आजारी पडली, धाकटी दोन भावंडं माझ्या कडेवर आली, आणि पाटी राहिली कोनाड्यात. अक्षर अक्षर लावून वाचायची मी. पण ती घडाघडा म्हणत जायची आणि मी बोट फिरवत जायची, आणि बोट पुढं गेलं नि ती मागं राहिली की मी हूं म्हणायची. मग ती डोळे मिटून उजव्या पायाचा अंगठा जमिनीवर घासायची. आठवलं की अंगठा थांबायचा.

ती आमच्या अंगणवाडीची सेविका, मी मदतनीस. म्हणजे ती पोरांची वजनं घेणार, गाणी शिकवणार, रजिस्टरं लिहिणार, आणि मी झाडणार, पाणी भरणार, खिचडी शिजवणार. माझ्याहून वीस वर्षांनी तरी लहान. गाव तिला बाई म्हणायचा, मी बाय म्हणायची. नाव सांगत नाही. तिला चाललं नसतं. तुमच्याही गावात असेल अशी एखादी. पायात झिजलेली स्लीपर, खांद्याला पिशवी, पिशवीत लोखंडी वजनकाटा, आणि पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढताना त्या काट्याचा खणखण आवाज. त्या आवाजावरून गरोदर सुना ओळखायच्या, बाई आली गोळ्या खाल्ल्या का विचारायला.

तिला मुख्यसेविका व्हायचं होतं. सेविकेला परीक्षा देऊन होता येतं. मुख्यसेविका म्हणजे आजूबाजूच्या सगळ्या अंगणवाड्यांवर देखरेख करणारी, खुर्चीत बसून तपासणी करणारी. पण त्या परीक्षेला वयाची अट, आणि परीक्षा निघणार कधी, तर वरच्यांच्या मनाला येईल तेव्हा. बायचं वय अटीला टेकायला आलं होतं. फार तर एक परीक्षा तिच्या वाट्याला उरली होती. हे ती मला एकदाच बोलली, शेंगा सोलताना, आणि परत कधी बोलली नाही.

आता कागदांचं सांगत्ये. आमच्याकडं पावसात काहीही कोरडं राहत नाही. वही ठेवा, आठ दिवसांत तिला बुरशी. पेटीत ठेवा, कसर खाते. तिनं दोन वर्षं वह्या करून बघितल्या, दोन्ही वर्षं गणपतीपर्यंत वह्यांचा लगदा झाला. मग तिनं काय केलं? आम्ही मासे नि कोकमाची सोलं सुकवून ठेवतो तशी परीक्षा ठेवली. अंगणवाडीच्या पडवीत माझी चूल होती, वर चार तारा बांधल्या, आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहून ते कागद चिमट्यांनी धुरावर टांगले. वाळवी नाही, कसर नाही, बुरशी नाही. फक्त पिवळे पडायचे, आणि त्यांना माझ्या फोडणीचा वास यायचा.

टांगायची पण तिची एक रीत होती. दारापाशी बाळ पोटात. मग जन्म, मग अंगावरचं दूध, मग वरचं अन्न, लशी, आणि चालत चालत चुलीपाशी याल तोवर पोर सहा वर्षांचं झालेलं. दुसऱ्या तारेला योजना. तिसऱ्याला कायदे, त्यांची कलमं, सालं. चौथ्या तारेला गणित नि इंग्रजी, ती तार भिंतीला लागून, कारण त्याची तिला भीती. ती दारातून चुलीपर्यंत चालत यायची, वर बघत, ओठ हलवत, आणि पोरं तिच्या मागून रांगेत, तीही वर बघत. एकाला विचारलं काय करतोस, तर म्हणतो, "बाईंच्या पताका वाचतोय."

तीन वर्षं हे चाललं. बाळांचं तर मला सगळं पाठ झालं हो. खिचडी ढवळताना तोंडातून आपोआप यायचं, जन्मल्यावर तासाभरात पहिलं दूध. माझी तीन बाळंतपणं झाली तेव्हा ते दूध आम्ही पिळून टाकून द्यायचो. कोणी सांगितलंच नाही. त्या कागदावर बोट फिरवताना मला ते कळलं, आणि मी तशीच चुलीजवळ बसून राहिले. बायनं कागद माझ्या हातातून घेऊन जागेवर लावला.

मग आली सड्यावरची.

सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावरच्या वाडीत दुसरी अंगणवाडी आहे, तिथली सेविका. तरणी, चुणचुणीत, बारावी शिकलेली. तीही त्याच परीक्षेला बसणार होती. दर शनिवारी अहवाल घेऊन आमच्याकडं यायची. वाईट नव्हती. हे मी मुद्दाम सांगत्ये, कारण पुढं मी तिला फार शिव्या घालणार आहे.

ती वर बघून हसली. "ताई, हे काय वाळवण घातलंय? सरकारनं हातात मोबाईल दिलाय ना? फोटो काढून ठेवा. एक शब्द टाकला की पाहिजे ते समोर."

"आणि पाऊस?" बायनं विचारलं.

"मोबाईलात पाऊस येतो काय?"

दोन शनिवार बसून दोघींनी एकेक कागद उतरवला, फोटो काढला, त्यावर नाव घातलं. मोबाईलात खण केले, योजनांचा वेगळा, कायद्यांचा वेगळा. खरं बोलायचं तर बाय हरखली होती. तिच्या चष्म्याचा नंबर वाढला होता नि तो बदलायला जमत नव्हतं. मोबाईलात दोन बोटांनी अक्षर हे एवढं मोठं होतं. एसटीत बसून वाचता येतं. मला दाखवायची, "मावशी, बघा, 'लोह' लिहिलं नि सात कागद आले!" जणू तिनं सात अंडी शोधून आणली. मी पण म्हटलं, बरं झालं बाय, मान वर करून तुझी मान मोडायची ती वाचली.

त्या श्रावणात पाऊस असा लागला की लाकूड पेटेना. सिलिंडर संपलेला, पोरं भुकेली, चूल नुसती धुमसतेय. बायनं चारी तारांवरचे कागद ओढून माझ्यापुढं टाकले.

"लावा चुलीला."

"सगळे?"

"सगळे. हे समोर असलं की मी इकडंच बघते, मोबाईलची सवय लागत नाही."

"बाय, परत एकदा विचार कर गो."

"मावशी, आत आहे सगळं." तिनं मोबाईल छातीला लावला. "लावा."

आणि मी लावले. या हातांनी. धुरानं सुकलेला कागद, काय भडकला तो! खिचडी एका कढात झाली. पोरं जेवली. मी भांडी घासली. एक कागद बाजूला काढून ठेवावा एवढी पण अक्कल मला झाली नाही. कोणावर रागवायचं म्हटलं की पहिला नंबर माझा लागतो, मग बाकीच्यांचा.

आता शिकलेली माणसं मला म्हणतात, मावशी, मोबाईलातलं आणखी एका ठिकाणी ठेवून द्यायचं असतं. असतं ना बाबांनो, असतं. तुम्हाला जन्मतः माहीत. आम्हाला कोण सांगायला आलं होतं? मोबाईल दिला त्या दिवशी सही घेतली, हार घातला, फोटो काढला नि गेले.

तो सरकारी मोबाईल म्हणजे एक दुखणंच. तापायचा. मधेच बंद पडायचा. पोरांची वजनं त्यात भरायची, आणि भरली की पुसली जायची, आणि पुसली की बाईनं काम केलं नाही म्हणून नोटीस. सगळ्या सेविका कावल्या होत्या. थंडीत संप झाला. मानधन वाढवा, आणि हे मोबाईल तुमचे तुम्ही घ्या. संघटनेनं ठरवलं, सगळ्यांनी एकाच दिवशी तालुक्याच्या ऑफिसात मोबाईल जमा करायचे.

आमच्या भागातले मोबाईल गोळा करायचं काम बायकडं. तिनं प्रत्येक मोबाईलला दोरा बांधला, दोऱ्याला चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव. गोणपाटाच्या पिशवीत पहिला मोबाईल तिनं तिचा टाकला.

मी तिचा हात धरला. "बाय, तुझे कागद आहेत आत."

"माहीत आहे."

"मग?"

"आठ दिवसांत मिटेल मावशी. माझाच ठेवला तर दुसरीला दे कसं म्हणू?"

मिटलं नाही. महिना गेला. आणि त्यातच परीक्षेची तारीख निघाली.

आता तुम्हीच सांगा. ऑफिसातला क्लार्क भला माणूस, तो तिला म्हणाला, "बाई, एक सही करा, मोबाईल परत घेतला म्हणून, आणि गुपचूप घेऊन जा. कोणाला कळतंय?" बायनं सही केली नाही. मोबाईल तिथं कपाटात, चिठ्ठीवर तिचं नाव तिच्याच अक्षरात, आणि ही काय करते, तर नमस्कार करून एसटीनं परत येते.

काय काय बोलले नाही मी तिला! "तुझ्या पोरांना काय सांगशील? मी बायकांच्या तोंडाकडं बघत बसले नि वय गेलं?" ती म्हणाली, "मावशी, ओरडू नका, पोरं झोपलीत." संपात पण ती दुपारी अंगणवाडीच्या ओट्यावर येऊन बसायची, मजुरीला गेलेल्या बायकांची दोन-चार पोरं सांभाळायला. तिचा संप तो असा.

आणि मग मला कळलं की सड्यावरचीनं मोबाईल दिलाच नव्हता. बिघडलाय, दुरुस्तीला टाकलाय, असं तिनं सांगितलं होतं, आणि बायनं यादीत तिच्या नावापुढं तेच लिहिलं होतं. तिच्या त्या मोबाईलात बायचे सगळे कागद होते. फोटो काढताना तिनंही आपल्यासाठी एकेक काढून घेतला होता, ते मला तेव्हा आठवलं.

माझे गुडघे धड नाहीत. तरी कातळ चढून गेले मी भर दुपारी. ती ओसरीवर मोबाईल घेऊनच बसली होती. मला बघून पदराखाली घातला.

"आता काय झाकतेस गो? बरा झाला वाटतं तुझा मोबाईल?"

तिची मान खाली. मग म्हणाली, "मावशी, माझं लहान पोर आहे, नवरा मुंबईत, मला नोकरीची भीती वाटली."

"सगळ्यांना वाटली. बायचे कागद दे."

"देते की. मी कुठं नाही म्हणते? ताईंना म्हणावं, इथं या, बसा, उतरवून घ्या. दोघी मिळून करू अभ्यास."

मी खाली उतरले ते पळतच म्हणा. बायला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. ओट्यावर एक पोर शेंबूड काढत होतं, त्याचं नाक पुसलं.

"नाही जाणार मी."

"तुझे कागद आहेत गो! तुझं अक्षर आहे! चोरी थोडीच आहे?"

"मावशी, तिच्या मोबाईलात बघून अभ्यास करायचा आणि उद्या तिचं नाव संघटनेत आलं की गप्प बसायचं. मला ते जमायचं नाही."

"मग सांग संघटनेला तिचं नाव!"

"तिचं पोर लहान आहे," म्हणाली.

असं माणूस तुम्ही कुठं ठेवाल सांगा? धड इकडं नाही, धड तिकडं नाही. मोबाईल परत घेणार नाही, तिच्याकडं जाणार नाही, आणि तिचं नाव पण सांगणार नाही. मला इतका संताप आला की मी तिथून उठून घरी गेले आणि दोन दिवस ओट्याकडं फिरकले नाही.

तिसऱ्या दिवशी तीच आली माझ्या दारात. हातात नवी वही.

"मावशी, हात कोरडे आहेत का? नसले तरी चालतील. आज तुम्ही सांगायचं नि मी लिहायचं."

आम्ही पडवीत गेलो. चारी तारा मोकळ्या, चिमटे नुसते लटकलेले. ती दारापाशी उभी राहिली, वर बोट केलं. "इथं काय होतं?"

"पोटात बाळ. रक्त किती पाहिजे ते. लोहाच्या गोळ्या, किती महिने, कशाबरोबर घ्यायच्या नाहीत."

"कशाबरोबर?"

"चहाबरोबर."

तिनं लिहिलं. एक पाऊल पुढं. "इथं?"

असं आम्ही दारातून चुलीपर्यंत चाललो. पंधरा दिवस, रोज. मी तिसरी शिकलेली बाई, आणि ती माझ्याकडून लिहून घेत होती. कुठं मी अडकले की ती हूं म्हणायची आणि आम्ही दोघी हसायचो. पोटातल्या बाळापासून सहा वर्षांपर्यंतचं सगळं परत आलं. योजना बऱ्याच आल्या.

कायदे आले नाहीत. कलमं, सालं, आकडे, ते माझ्या कानात राहिलेच नव्हते, आणि तिचेही अर्धे गेले होते. ती तिसऱ्या तारेखाली उभी राहायची, अंगठा घासायची, आणि अंगठा थांबायचाच नाही. इंग्रजीच्या तारेखाली तर आम्ही गेलोच नाही.

"पुस्तकं नाहीत का ह्याची?" मी विचारलं.

"आहेत. चार-चार बोटं जाड. त्यातलं गाळून गाळून मी एकेक कागद केला होता मावशी. तीन वर्षं गाळत होते."

परीक्षेला ती माझी निळी साडी नेसून गेली. संध्याकाळी आली तेव्हा विचारायचं नाही असं मी ठरवलं होतं. तीच म्हणाली, "बाळांचं सगळं आलं." तेवढंच.

बायची परीक्षा थोडक्यात गेली. अगदी थोडक्यात. सड्यावरची पास झाली.

निकालाच्या दिवशी मी चुलीवरून उठून तिच्यासमोर उभी राहिले नि म्हटलं, रड. रड एकदाची, नायतर मला शिव्या दे, कागद मी जाळले. ती म्हणाली, "मी सांगितले म्हणून जाळले ना तुम्ही." आणि वजनकाटा घेऊन पाखाडी चढायला लागली. कोणाच्या तरी बाळाचा महिना भरला होता. त्या दिवशी मला त्या खणखण आवाजाचा राग आला. त्या काट्याचा, तिच्या शांतपणाचा, ऑफिसाचा, संघटनेचा. संप मिटवताना नेते लोकांनी हात मिळवले, फोटो काढले. कपाटातल्या मोबाईलांचं पुढं काय झालं कोणी विचारलं नाही. नवे आले. कोरे. हार घालून दिले.

पावसाळ्याच्या तोंडावर नव्या मुख्यसेविका बाई आमच्याकडं पहिल्यांदा तपासणीला आल्या. कोण ते सांगायला नको. खांद्याला पर्स, मागं शिपाई. बायनं दार उघडलं, एकुलती खुर्ची पुसून दिली. "बसा मॅडम." मॅडम म्हणाली! सड्यावरचीचं तोंड उतरलं. "ताई, मला ताईच म्हणा ना," ती पुटपुटली, पण शिपाई बघत होता, तेव्हा बसली खुर्चीत.

तपासणी झाली. मुलं मोजली, वजनं बघितली, धान्याचा डबा उघडला. प्रश्न विचारले. बाय उभ्यानं उत्तरं देत होती, एक चूक नाही. सड्यावरची दर वेळी "बरोबर" म्हणायची नि मोबाईलात खूण करायची. मी पळी धरून आत उभी. "बरोबर" म्हटलं की माझ्या डोक्यात घण बसायचा.

शेवटी भेटवही आली. तपासणी झाली की त्यात दोघींनी सह्या करायच्या. डाव्या रकान्यात सेविका, उजव्या रकान्यात मुख्यसेविका. बाय वीस वर्षं त्या वहीत डावीकडं सही करत होती. डोळे मिटून केली असती तरी चुकली नसती.

तिनं पेन घेतलं, वाकली, आणि उजव्या रकान्यात आपल्या नावाचं पहिलं अक्षर काढलं. छान, गोल, सावकाश काढलं. दुसरं अक्षर सुरू केलं आणि हात थांबला.

सड्यावरची वहीकडं बघत राहिली. शिपाई म्हणाला, "बाई, तिकडं नाही, तो रकाना मॅडमचा."

"हो," बाय म्हणाली. "चुकलं."

तिनं पट्टी घेतली. त्या दीड अक्षरावर एक सरळ रेघ मारली, शेजारी नियमाप्रमाणं छोटी सही केली, आणि वही फिरवून सड्यावरचीच्या पुढं सरकवली.